ओटीवरच्या ध्वनिफिती आणि आपला अलिखित इतिहास

आपल्या आगरी समाजाचा इतिहास लिहावयास बसले की प्रथम एक अडचण उभी राहते. सरकारी दप्तरात आपल्या पूर्वजांची नोंद सापडते ती सारा, खंड व मिठागरे यांच्या संदर्भात. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला चरीचा शेतकरी संप यांविषयी आज पुष्कळ लिहिलेले वाचावयास मिळते. परंतु संपाच्या त्या सहा वर्षांत घरची चूल कशी पेटत होती, हे ज्या बायांनी अनुभवले त्यांनी ते लिहून ठेविले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी ते सांगितले, आणि काही गाण्यांत गुंफले. हे सांगणे व गाणे आज कोठे असेल, असा प्रश्न कोणी केला तर आमचे उत्तर असे की, आपल्या घरातील माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, जुन्या ध्वनिफितींत ते पडून आहे.

हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून ध्वनिमुद्रणाचा इतिहास थोडक्यात पाहू. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान आदी कलावंतांची गाणी मुद्रित केली. पुढे ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणास पूरक म्हणून सरकारने १९१३ नंतर निरनिराळ्या भाषांचे व बोलींचे आवाज तबकड्यांवर घेतले. त्यासाठी बायबलातील उधळ्या पुत्राची कथा ठरीव मजकूर म्हणून वापरीत. म्हणजे कंपनीने ऐकले ते विकले जाण्याजोगे गाणे, आणि सरकारने ऐकली ती आपण ठरविलेली गोष्ट. सामान्य शेतकऱ्याच्या घरी जाऊन ‘तुमचे काय ते सांगा’ असे म्हणणारे यंत्र अद्याप यावयाचे होते.

ते आले ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्स कंपनीतील अभियंता लू ऑटेन्स याच्या देखरेखीखाली तयार झालेली ही छोटी कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. चार मिलिमीटरहून अरुंद अशी ही फीत सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर गतीने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे ८६ मीटर लांब असते. १९७० नंतर आखाती देशांत नोकरीस गेलेली माणसे परतताना टेपरेकॉर्डर आणू लागली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत हे यंत्र खेडोपाडी पोहोचले. काय मुद्रित करावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रथमच आपल्या ओटीवर आला. त्या अधिकाराचा उपयोग आपल्या माणसांनी कसा केला? लग्नाच्या मांडवात धवलारीण बसली की कोणी हौशी पुतण्या तिच्यापुढे यंत्र ठेवी. आजोबा संपाच्या गोष्टी सांगू लागले की नातू कळ दाबी.

याच सुमारास आपल्या भूमीचे रूपही पालटत होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नव्या नगरासाठी ठाणे-बेलापूर, पनवेल व उरण या भागांतील जमिनी संपादन करण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई व नवघर येथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. खारभूमी गेली, मिठागरे गेली आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. ‘उघाडी’ म्हणजे खारबांधातील दार; भरतीचे पाणी ते अडविते व ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. आज इमारतीच्या आठव्या मजल्यावर वाढणाऱ्या आपल्या मुलास हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. अशा शब्दांचा नांदता संसार ज्यात ऐकू यावा असे साधन म्हणजे या फिती होत.

धवल्यांविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तेराव्या शतकात महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव अजरामर झाले. आपल्या धवलारणींनीही लग्नविधीच्या टप्प्याटप्प्याला धवला गाइला. परंतु त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. महदंबेचे शब्द टिकले, कारण ते कोणी लिहून घेतले. धवलारणींचे शब्द टिकावयाचे तर ते फितीवरूनच उतरून घ्यावे लागतील.

आता फितीच्या आयुष्याचा विचार करू. फीत म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटविलेले लोहाच्या चुंबकीय संयुगाचे कण. आपल्याकडील दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटू लागतो, दाब देणारी लहानशी गादी गळून पडते. त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. चांगले टेपरेकॉर्डर व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. युनेस्कोने व ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये याच कारणास्तव जगभर इशारा दिला होता.

फीत संगणकावर उतरविण्याचे काम घरी होण्याजोगे आहे. प्रथम टेपरेकॉर्डरचे हेड व रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. कॅसेटच्या पाठीवरील दोन लहान पाती मोडलेली नसल्यास मोडावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळून सैल करावी. बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालूच नये, जाणकाराकडे द्यावी. टेपरेकॉर्डरमधून निघणारी तार संगणकाच्या ‘लाइन-इन’ला जोडावी, ती सोय नसल्यास यूएसबीला लावावयाचे लहान उपकरण मिळते. ऑडॅसिटी ही विनामूल्य संगणक-प्रणाली या कामास पुरेशी आहे. सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या मापाने वेव्ह स्वरूपात जतन करावे; साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आवाजाची पातळी लाल रेषेच्या खाली ठेवावी. साठ मिनिटांच्या फितीस साठ मिनिटेच लागतात. तेथे घाई चालत नाही.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आमच्या घरी आत्याच्या लग्नातील धवल्याची एक फीत होती. ती उतरविल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने तिच्यातील खरखर काढून टाकली, मधली ‘निरुपयोगी’ शांतता कापली आणि मूळ प्रत पुसून टाकली. मग ती नीटनेटकी प्रत नव्वदीला टेकलेल्या आमच्या चुलत आजीला ऐकविली. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “यान दादांचा खोकला कुठं हाय? धवला चालू असता ते दाराशी बसून खोकत व्हते.” दादा म्हणजे आमचे आजोबा. त्यांचा दुसरा कोणताही आवाज जगात शिल्लक नाही, आणि जो होता तो आम्ही शांतता समजून कापला होता. फीत शाबूत होती म्हणून पुन्हा उतरविता आली. दुसऱ्या खेपेस आम्ही आजीला शेजारी बसविले. कोणता आवाज कोणाचा, धवलारीण कोणत्या गावची, मध्ये हसली ती कोण, हे सर्व तिने सांगितले व आम्ही लिहून घेतले. त्यानंतर चार महिन्यांनी आजी गेली.

या प्रसंगाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. फीत आणखी काही वर्षे तग धरील आणि एखाद्या प्रयोगशाळेत उद्याही उतरविता येईल. परंतु त्या फितीतील आवाज ओळखणारे माणूस उद्या असेलच असे नाही. पुण्यास गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हा संग्रह २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येत आहे. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव दिलेले असते, आणि त्या संग्रहाचे निम्मे मोल त्यातच आहे असे आमचे मत आहे. नाव नसलेला आवाज आणखी एका पिढीनंतर परक्याचा होतो.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती अशी. या वर्षी आपल्या घरातील फिती शोधाव्या. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी. खरखर काढावयाची तर वेगळ्या प्रतीत काढावी. कॅसेटवरील हस्ताक्षराचे छायाचित्र घ्यावे. तीन प्रती कराव्या व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. काम झाल्यावर कॅसेट फेकू नये. आणि या सर्वांआधी, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस शेजारी बसवून ती फीत एकदा वाजवावी व वही-लेखणी हाती घ्यावी.

आपल्या आजोबांनी संप केला, खारबांध राखले, मीठ पिकविले. लिहिण्याचे काम मात्र आपल्यावर सोपविले. ते करण्यास साधन आहे, वेळ थोडा आहे. पुढील स्मरणिकेत अशा दहा घरांच्या वह्यांतील मजकूर छापता आला, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.