थोरोचा वनविहार : एकांत आणि परतीची वाट

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) याच्या वनविहाराला भारतीय वाचक सहजच वानप्रस्थाच्या परंपरेत बसवतो. 'वॉल्डन' (१८५४) मधील भगवद्गीतेचा गौरव या समजुतीला आधारही पुरवतो. तथापि थोरोच्या वनाशी जडलेल्या आध्यात्मिक नात्याची घडण मूलतः वेगळी आहे. वानप्रस्थात वनाची वाट गृहस्थाश्रम मागे टाकते. थोरोची वाट रोज गावात परत येते.

इमर्सनच्या 'नेचर' (१८३६) या ग्रंथात निसर्ग हे आत्मतत्त्वाचे प्रतीक आहे. थोरोचा आरंभ याच भूमिकेतून झाला. १८४५ ते १८४७ या काळात तो वॉल्डन तळ्याकाठी राहिला, तोही इमर्सनच्याच जमिनीवर. हा एकांत निर्जन नव्हता. तळ्यालगत आगगाडी धावत होती आणि कॉन्कॉर्ड गाव पायी जाण्याच्या अंतरावर होते. पुढे रोजची काही तासांची पायपीट हा त्याचा नित्यक्रम झाला. १८५० नंतरच्या रोजनिशीत प्रतीकांची जागा उत्तरोत्तर नोंदी घेतात: कोणते फूल केव्हा उमलले, तळ्यावरचे बर्फ केव्हा वितळले. या बदलाला काव्यदृष्टीचा ऱ्हास म्हणता येईल. परंतु तेच रान रोज पाहणाऱ्याला ते केवळ प्रतीक म्हणून पुरत नाही. त्याचे स्वतंत्र अस्तित्व मान्य करावे लागते. अवधान हीच येथे उपासना ठरते.

या उपासनेत एक अंतर्विरोध आहे. थोरो उपजीविकेसाठी जमिनीची मोजणी करी, आणि त्याने मोजलेली राने पुढे तोडलीही जात. पाइनच्या तोडलेल्या रानात ओक कसे उगवतात, याचे बीजप्रसाराच्या आधारे त्याने १८६० मध्ये केलेले विवेचन अशाच रानांच्या निरीक्षणातून आले. मृत्यूनंतर १८६२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या 'वॉकिंग' या निबंधात भटकंतीला तीर्थयात्रेचे रूप आहे. न परतण्याच्या तयारीने निघावे, अशी तेथे अपेक्षा आहे. प्रत्यक्षातला यात्रेकरू मात्र घरी परततो. आदर्श आणि आचरण यांतील हे अंतर म्हणजे दांभिकता नव्हे. ज्या समाजाने रान तोडले, त्याच समाजात राहून रानाशी नाते राखण्याची ती किंमत आहे.

दुर्गा भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणले. त्यांच्या या ओढीचे मर्म संन्यासाच्या आकर्षणापेक्षा 'ऋतुचक्र' (१९५६) मधील महिन्यामहिन्याच्या अवलोकनात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तेथेही निसर्गाची प्रचीती येते ती लोकव्यवहार सोडून नव्हे, तर त्यात राहून, डोळे उघडे ठेवून.