बालवयातील वाढ आणि वृद्धापकाळातील अस्थी-स्नायू आरोग्य

गर्भावस्था, बाल्य आणि पौगंडावस्था या काळात झालेल्या शारीरिक वाढीचा उतारवयातील हाडांच्या व स्नायूंच्या बळकटीवर परिणाम होतो. आरोग्य व रोग यांच्या विकासात्मक उगमाचा अभ्यास करणाऱ्या शाखेत या संबंधाचा विचार केला जातो. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होणे आणि सार्कोपेनिया म्हणजे वयानुसार स्नायूंचे वस्तुमान व ताकद घटणे, हे या विषयातील दोन प्रमुख विकार आहेत. सार्कोपेनिया ही संज्ञा १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवली.

कार्यकारणभाव

हाडांतील खनिजांचा साठा बालपणापासून वाढत जातो व वयाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस कमाल पातळी गाठतो. यास कमाल अस्थिवस्तुमान म्हणतात. त्यानंतर हा साठा हळूहळू घटतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर घट वेगाने होते. म्हणून वृद्धापकाळातील हाडांची घनता दोन गोष्टींवर अवलंबून असते : तारुण्यात किती साठा झाला आणि पुढे तो किती वेगाने घटला.

पूर्ण दिवसांच्या नवजात बालकाच्या शरीरात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील बहुतांश भाग गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून वारेमार्फत मिळतो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बालकाची हाडे जन्मतः कमी खनिजयुक्त असतात. स्नायूंच्या बाबतीत तंतूंची संख्या मुख्यतः जन्मापर्यंत निश्चित होते. जन्मानंतरची वाढ प्रामुख्याने तंतू जाड व लांब झाल्याने होते. आईचे पोषण, ड जीवनसत्त्वाची पातळी, धूम्रपान, बालपणातील आजार, आहार आणि खेळ हे या वाढीवर प्रभाव टाकणारे घटक आहेत. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे.

पुरावे

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी बालकांचे जन्मवजन व पहिल्या वाढदिवसाचे वजन वह्यांत नोंदवून ठेवले होते. या नोंदींवरून शोधलेल्या व्यक्तींची वृद्धापकाळात तपासणी झाली. जन्मवजन अधिक असलेल्यांच्या हाताच्या पकडीची ताकद अधिक आढळली, तर वर्षाच्या वयातील वजनाचा संबंध हाडांतील खनिजांच्या प्रमाणाशी दिसून आला. फिनलंडमधील हेलसिंकी येथील नोंदींत शालेय वयात संथ वाढ झालेल्यांना उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका जास्त असल्याचे आढळले.

महाराष्ट्रातील महत्त्वाचा अभ्यास म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये सुरू झालेला पुणे माता पोषण अभ्यास होय. पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींचा आहार, शारीरिक श्रम आणि रक्तातील पोषकद्रव्ये त्यात नोंदवली गेली. या मातांच्या बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजनातील ही तूट स्नायूंमध्ये जास्त आणि त्वचेखालील चरबीमध्ये कमी होती.

ही मुले सहा वर्षांची झाल्यावर डेक्सा यंत्राने त्यांची हाडे मोजण्यात आली. गर्भारपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार खाणाऱ्या, तसेच रक्तात फोलेट अधिक असणाऱ्या मातांच्या मुलांची अस्थिघनता अधिक आढळली. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासातील मुले आता तिशीच्या आसपास, म्हणजे कमाल अस्थिवस्तुमानाच्या वयात आहेत.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्ह्यात दोन भिन्न परिस्थिती शेजारी-शेजारी नांदतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वारली, ठाकूर व कातकरी वस्त्यांत मातांचे कुपोषण आणि कमी वजनाची बालके हा प्रश्न आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांत उष्मांक पुरेसे मिळत असले, तरी घरात जाणारा दिवस, मोकळ्या मैदानांची टंचाई आणि उन्हाचा अभाव यांमुळे ड जीवनसत्त्व व व्यायाम कमी पडू शकतो. दोन्ही ठिकाणी परिणाम एकाच दिशेने होतो : हाडे व स्नायू यांचा साठा पूर्ण क्षमतेने होत नाही.

आदिवासी भागांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत दिवसातून एक चौरस आहार दिला जातो. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. डोंगरउतारावर पिकणारी नाचणी हा कॅल्शियमचा चांगला स्थानिक स्रोत आहे. तिच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

मर्यादा

वरील बहुतेक निष्कर्ष निरीक्षणात्मक अभ्यासांतून आले आहेत. त्यांतून संबंध दिसतो, परंतु तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. गर्भारपणी ड जीवनसत्त्व देण्याच्या ब्रिटनमधील मॅव्हिडॉस या चाचणीत सर्व बालकांचा एकत्रित विचार करता हाडांत फरक आढळला नाही. हिवाळ्यात जन्मलेल्या बालकांत मात्र लाभ दिसला. तसेच कमी वजनाच्या बालकाचे वजन घाईने वाढवणे हा उपाय ठरत नाही, कारण त्यातून स्नायूंऐवजी चरबी वाढून पुढे मधुमेहाचा धोका संभवतो.

जन्मवजन कमी असणे म्हणजे वृद्धापकाळी दुर्बलता अटळ असणे नव्हे. मुलांनी धावणे-उड्या मारणे, पौगंडावस्थेत पुरेसे प्रथिन व कॅल्शियम मिळणे, प्रौढपणी तंबाखू टाळणे आणि साठीनंतरही स्नायूंना ताण देणारा व्यायाम करणे यांचा लाभ आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर होतो.