जुन्या पद्मिनीचे अंतरंग बदलताना
नवे रेक्झीन शेवटी, आधी पत्रा आणि तारा

मुंबईतील अखेरच्या 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओमध्ये झाली होती. टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खासगी मालकांकडील पद्मिनी मात्र अजूनही जपल्या जात आहेत. अनेक घरांत आजोबांनी घेतलेली गाडी नातवाने पुन्हा रस्त्यावर आणण्याचा घाट घातलेला दिसतो. इंजिन दुरुस्त होते, बाहेरून रंग चढतो आणि मग प्रश्न उरतो तो आतल्या फाटक्या आसनांचा, लोंबणाऱ्या छताचा आणि कुजलेल्या मॅटिंगचा.

वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४पासून 'फियाट ११०० डिलाइट' तयार होऊ लागली. तिलाच १९७४मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आतला एखादा भाग मोडला वा हरवला, तर कारखान्याकडून तो पुन्हा मिळण्याची आशा नाही. अंतर्भागाचे काम हाती घेणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी.

जुने भाग हाच नकाशा

कामाच्या पहिल्याच दिवशी अनेक जण जुनी गादी, दरवाज्यांची पॅड आणि छताचे अस्तर काढून थेट भंगारात देतात. हीच चूक सर्वांत महाग पडते. अस्तराच्या शिवणी नेमक्या कोठे होत्या, पॅडवरील क्लिपची भोके किती अंतरावर होती, आसनाच्या बीडिंगची जाडी किती होती, हे सांगणारा तोच एक पुरावा असतो. जुने अस्तर शिवणी उसवून सपाट केले, की नव्यासाठी तयार फर्मा मिळतो. आसनाच्या खाली दुमडलेल्या कडेला ऊन लागलेले नसते, त्यामुळे रेक्झीनचा मूळ रंगही तेथेच सापडतो. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू चिठ्ठी लावलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. नवा भाग पूर्ण बसेपर्यंत जुना टाकू नये.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या 'ट्यूरिन सनदे'चा रोखही हाच आहे. जे टिकविता येईल ते टिकवावे, जे बदलावेच लागेल त्याची नोंद ठेवावी आणि नव्या भागावर तशी खूण करावी, असे ही सनद सांगते.

सुरुवात जमिनीपासून

सर्वप्रथम बॅटरीची अर्थची तार सोडावी. पद्मिनीत ती ऋण टोकाला असते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक अर्थला जोडलेले असते, त्यामुळे खात्री करून घेणे श्रेयस्कर. काम संपल्यावर हीच तार सर्वांत शेवटी जोडावी.

त्यानंतर आसने आणि मॅटिंग बाहेर काढून जमिनीचा पत्रा तपासावा. कोकण आणि मुंबईच्या पावसात काचेच्या कडक झालेल्या रबरातून झिरपलेले पाणी खालच्या नमद्यात साठते आणि पत्रा आतून गंजत जातो. पेचकसाच्या टोकाने दाबल्यावर पत्रा मऊ लागला, तर तो कापून नवा वेल्ड करण्यावाचून पर्याय नाही. टिंकरिंग व वेल्डिंगचे सर्व काम अस्तर, फोम वा कार्पेट बसविण्याच्या आधीच उरकावे. हे सामान ठिणगीने सहज पेट घेते. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी आणि नळ्या सुरक्षित करून घ्याव्यात. गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग दिल्यावर आवाज शोषणारी डांबरी शीट लावता येते. पाणी धरून ठेवणारा जाड नमदा पुन्हा घालणे म्हणजे गंजाला आमंत्रण होय.

याच टप्प्यावर तारांची पाहणी करावी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तारांचे आवरण ठिसूळ होते. पॅड किंवा कार्पेटचा एखादा लांब स्क्रू अशा तारेत घुसला, तर शॉर्टसर्किट होऊन गाडीला आग लागू शकते. नवा स्टिरिओ किंवा पंखा बसवायचा असल्यास त्यासाठी स्वतंत्र फ्यूज द्यावा.

छत, काचा आणि दरवाजे

छतातील दिव्याची तार ओढून झाल्यावर अस्तराकडे वळावे. या पिढीच्या गाड्यांत अस्तर पोलादी तारेच्या आडव्या कमानींवर ताणलेले असते. प्रत्येक कमानीची लांबी व वक्रता थोडी वेगळी असते, म्हणून काढतानाच पुढून मागे अनुक्रमांक घालावेत. अस्तराची कड अनेकदा पुढच्या व मागच्या काचेच्या रबराखाली दाबलेली असते. त्यामुळे काचा उतरविल्याखेरीज काम नीट होत नाही. नवे अस्तर काही वेळ उन्हात ठेवल्यास नरम पडते. ते मध्यापासून कडांकडे ताणत न्यावे आणि आधी चिमट्यांनी अडकवून सुरकुत्या गेल्याची खात्री झाल्यावरच चिकटवावे. चिकटद्रव्याची वाफ ज्वालाग्राही असते. दारे उघडी ठेवून आणि विडी-सिगारेट दूर ठेवूनच हे काम करावे.

काच बसविण्याची कारागिरांची जुनी रीत आजही उपयोगी आहे. नव्या रबराच्या खाचेत सुतळीसारखी मजबूत दोरी घालतात. साबणाचे पाणी लावून एक जण बाहेरून काच दाबतो आणि दुसरा आतून दोरी ओढतो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते.

दरवाज्याच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाटका म्हणून फेकला जातो आणि पहिल्याच पावसात हार्डबोर्डचे पॅड फुगते. हा कागद नवा लावावा आणि दरवाज्याच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी करावीत. काच वर-खाली करण्याचे हँडल बहुधा छोट्या पिनेने वा तारेच्या क्लिपने अडकविलेले असते. ते जोर लावून ओढल्यास तुटते आणि तसेच दुसरे मिळविताना दमछाक होते.

आसने सर्वांत शेवटी

कार्पेट किंवा मॅटिंग बसल्यावर आसनांची पाळी येते. जुन्या आसनांत स्प्रिंगा, त्यावर गोणपाट आणि काथ्या अशी रचना आढळते. काथ्याऐवजी फोम वापरता येतो, परंतु स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये जाड कापड नसेल, तर स्प्रिंगा फोम कुरतडून टाकतात. अधिक आरामासाठी जास्त जाड फोम घालण्याचा मोहही टाळावा. चालक इंचभर वर बसला, तरी मांडी स्टिअरिंगला लागते आणि आरशातील दृश्य बदलते.

पुढचे सलग आसन काढून दोन स्वतंत्र आसने बसविण्याची हौस अनेकांना असते. मात्र आसनाचे रूळ मूळच्या मजबूत जागी न बसविता साध्या पत्र्यावर वेल्ड केले, तर अपघातात आसन उखडण्याचा धोका असतो. नव्याने सीटबेल्ट लावतानाही हाच नियम लागू आहे. पत्र्याला मागून जाड पोलादी पट्टी देऊन ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

भाग कोठे मिळतात?

मुंबईत चोर बाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, तर पुण्यात नाना पेठ ही शोधाची नेहमीची ठिकाणे. जाताना जुना भाग सोबत न्यावा. एकाच नावाच्या गाडीतही वर्षानुसार हँडल, बटणे आणि पॅड यांत फरक आढळतो. न मिळणारी छोटी बटणे आता थ्री-डी प्रिंटिंगने बनविता येतात. मात्र त्यासाठी सर्रास वापरले जाणारे 'पीएलए' प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते टिकत नाही, म्हणून 'एबीएस'सारखे उष्णता सोसणारे प्लॅस्टिक मागावे.

नियमांचा विचार

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत मोडतात. चॅसिस, बॉडीचा सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे १९७४ची पद्मिनी २०२४नंतर या वर्गासाठी पात्र ठरू शकते. अशा वाहनाचा नित्य वापर मात्र करता येत नाही. ते प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज गाडी वापरू इच्छिणाऱ्यांनी हा फरक जाणून निर्णय घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर जुन्या अस्तराचा तुकडा, रेक्झीनचा नमुना, छायाचित्रे आणि बिले एका पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावीत. आज बसविलेले रेक्झीनही पंधरा-वीस वर्षांनी विरणारच आहे. तेव्हा गाडी ज्याच्या हाती असेल, त्याला मूळ गाडी कशी होती हे त्या पाकिटावरूनच कळेल.