वजनाचा काटा बाजूला ठेवून व्यायाम: ‘किती किलो उतरलं?’ऐवजी काय विचारायचं?

कोणी सलग पंधरा दिवस सकाळी फिरायला गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “काय भाऊ, किती किलो उतरलं?” उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर विचारणारा हसतो आणि फिरणारा आठवडाभरात बूट माळ्यावर टाकतो.

खरं तर त्या पंधरा दिवसांत त्याची झोप सुधारलेली असू शकते. जिना चढताना लागणारा दम कमी झालेला असू शकतो. पण काट्यावर दिसलं नाही, म्हणून ते हिशेबातच धरलं जात नाही. फायदा होत असतानाच व्यायाम सुटतो.

कन्हानसारख्या गावात हे नुकसान जास्त जाणवतं. नागपूरहून जबलपूरच्या दिशेनं निघालं की कामठीनंतर नदी लागते आणि पलीकडे कन्हान. आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी, शिफ्टमधलं काम, महामार्गावर ट्रकची वर्दळ आणि मे महिन्यात विदर्भाचं ऊन. इथं आधीच व्यायामाला वेळ आणि जागा काढणं कठीण. त्यात काट्यानं निराश केलं, तर सोडून द्यायला कारण मिळतंच.

वजनाचा विचार न करता रोजचा व्यायाम का करायचा, त्याचा उपयोग काय आणि तो कसा जमवायचा, ते समजून घेऊ.

आधी आकडे काय सांगतात?

२०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जगभरातल्या शारीरिक हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर महिलांमध्ये सुमारे ५७ टक्के होतं. जगाची सरासरी सुमारे ३१ टक्के आहे.

म्हणजे आपल्याकडे प्रश्न ‘व्यायामानं वजन किती उतरतं’ हा नाही. निम्मे लोक पुरेसे हलतच नाहीत, हा आहे.

चालूनही वजन का उतरत नाही?

साधा हिशेब करू. ७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास बऱ्यापैकी वेगानं चालली, तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं, तरी रोज अर्धा तास चालून एक किलो कमी व्हायला दोन महिने लागतील. फिरून येताना चौकात एक प्लेट तर्री पोहे झाले, तर त्या दिवसाचा हिशेब तिथंच संपतो.

शरीरही हुशार असतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हादझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजाचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हादझा लोक शहरी माणसापेक्षा कितीतरी जास्त चालतात. तरीही शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च पाश्चात्त्य देशांतल्या लोकांइतकाच निघाला. जास्त हालचाल झाली की शरीर इतर कामांवरचा खर्च आखडतं घेतं, असं पॉन्टझर यांचं म्हणणं आहे.

शिवाय पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न यांमुळे वजन एका दिवसातही एक-दोन किलो मागेपुढे होतं. त्यामुळे रोज काट्यावर उभं राहून व्यायामाचं यश मोजलं, तर निराशा जवळपास पक्की.

काट्याला काय कळत नाही?

याचं प्रसिद्ध उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाणं, असा विनोदही त्या लेखात आहे. अर्थात फरकामागे जनुकांपासून गर्भातल्या पोषणापर्यंत बरीच कारणं असू शकतात. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. बारीक दिसणारा माणूस ‘मला व्यायामाची काय गरज’ म्हणत असेल, तर तो चुकतोय.

दुसरं उदाहरण लंडनच्या बसचं. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मग चालक जाडे असतात म्हणून असेल, अशी शंका आली. मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटची मापंच काढली. चालकांची कंबर मोठी होती हे खरं. पण सडपातळ असोत की जाड, कंडक्टरांचा धोका कमीच दिसला. व्यायामाचा फायदा वजनाच्या वाटेनंच मिळतो असं नाही, हे पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसलं.

लोक व्यायाम सोडतात कशामुळे?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना त्यासाठी पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. पैसे बंद झाल्यावर या विद्यार्थ्यांचा मोकळ्या वेळातला कोड्यांमधला रस कमी झाला. ज्यांना पैसे मिळालेच नव्हते, त्यांचा रस मात्र टिकला.

व्यायामात ‘उतरलेले किलो’ हे असंच मानधन आहे. ते मिळेनासं झालं की काम थांबतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधक मिशेल सेगर यांना मध्यमवयीन महिलांच्या अभ्यासात हेच आढळलं. वजन किंवा बांधा डोळ्यापुढे ठेवणाऱ्या महिला प्रत्यक्षात कमी व्यायाम करत होत्या. बरं वाटावं, ताण हलका व्हावा म्हणून करणाऱ्यांचा व्यायाम जास्त होत होता.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. आषाढी वारीत लाखो लोक दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी तर महिनाभराहून अधिक चालत पंढरपूरला पोहोचते. पंढरपुरात पोहोचल्यावर कोणी कोणाला ‘किती उतरलं?’ विचारत नाही. सोबत असते, भजन असतं, रोजचा टप्पा असतो, म्हणून पाय चालतात.

विदर्भात व्यायामशाळेचीही मोठी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून सुरू आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं परदेशी प्रेक्षकांपुढे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले होते. तिथं ताकद, चपळाई आणि खेळ यांना महत्त्व होतं.

कन्हानच्या शेजारी, नदीपलीकडे कामठीत फुटबॉलचं वेड जुनं आहे. संध्याकाळी मैदानात दीड तास धावणाऱ्या पोरांना आपण ‘कार्डिओ’ करतोय हे डोक्यातही नसतं.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी. जोरकस व्यायाम असेल तर ७५ ते १५० मिनिटं. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही करावं.

‘मध्यम’ कसं ओळखायचं? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग.

पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती. आता तीही नाही. भाजीला पायी जाणं, जिना चढणं, अंगणात झाडू मारणं, पोरांसोबत लंगडी खेळणं, सगळं मोजलं जातं.

आणि १०,००० पावलांचं काय? तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. वयस्क महिलांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसला आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला.

आपली शतपावलीही कमी समजू नका. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०१६ मध्ये टाइप-२ मधुमेहींवर अभ्यास केला. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर कमी राहिली. सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला.

कन्हानमध्ये हे कसं जमवायचं?

*ऊन:* नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपाच्या दिवसांत बाहेरचा व्यायाम ऊन चढायच्या आत उरकावा, नाहीतर घरातच करावा. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं जाणवलं तर लगेच थांबून सावलीत जावं आणि पाणी प्यावं. बरं वाटलं नाही, तर दवाखाना गाठावा.

*धूळ आणि ट्रक:* महामार्गाच्या कडेनं फिरणं टाळावं. धूळ आणि अपघात, दोन्हींचा धोका असतो. आतल्या गल्ल्या, शाळेचं मैदान किंवा घराची गच्ची बरी.

*शिफ्ट:* नाइट करून आलेल्या माणसानं झोप मोडून पहाटे फिरायला जाण्यात अर्थ नाही. आधी झोप. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधावी, जसं ‘ड्युटीला निघण्याआधी वीस मिनिटं’.

*महिला:* घरकाम ही हालचालच आहे, पण ते स्वतःसाठी काढलेला वेळ नाही. दोघी-तिघी शेजारणींनी मिळून ठरवलं की सुरक्षितही वाटतं आणि गप्पांमुळे खंडही पडत नाही. रोज नाही जमलं, तर आठवड्यातून तीन दिवस.

*सुट्टी:* रामटेकला गाडीनं जायचं आणि गडमंदिराच्या पायऱ्या आपल्या दमानं चढायच्या. घरातली आजी अर्ध्यावर बसली, तरी तिचाही व्यायाम झालाच.

मग मोजायचं काय?

मोजल्याशिवाय चैन पडत नसेल, तर महिन्यातून एकदा वहीत चार गोष्टी लिहा.

- तोच जिना किंवा तोच चढ चढताना दम किती लागतो?
- झोप कशी लागते?
- खुर्चीवरून हात न टेकता सलग किती वेळा उठता येतं?
- या महिन्यात किती दिवस मनापासून मजा आली?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सतत ‘शून्य’ येत असेल, तर स्वतःला आळशी म्हणू नका. व्यायामाचा प्रकार बदला. चालणं कंटाळवाणं वाटतं, तर सायकल काढा. एकट्यानं नको वाटतं, तर बॅडमिंटनला जोडीदार शोधा. घरात गाणी लावून नाचलं, तरी चालतं.

म्हणजे वजन महत्त्वाचंच नाही?

तसं नाही. मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणं अशा त्रासांत डॉक्टर वजन कमी करायला सांगतात, तेव्हा ते ऐकायलाच हवं. त्यात आहाराचा आणि गरजेप्रमाणे औषधांचा वाटा मोठा असतो. हृदयाचा आजार असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा गर्भारपण असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

पण वजन हललं नाही म्हणून चालणं थांबवायचं कारण नाही. पुढच्या वेळी कोणी ‘किती किलो उतरलं?’ विचारलं, तर सरळ सांगा, “मोजलं नाही. उद्या साडेपाचला निघतो आहोत, येता का?”