अपडेटची वाट बघावी का? म्हाइंभटांचा बॅकअप आणि पुसेगावची हार्ड डिस्क

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून.

सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावहून एका भावाने पाठवली. त्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. तो म्हणतो, "दादा, बॅकअपचं एक सॉफ्टवेअर घ्यायचंय. पण दुकानदार म्हणतो, नवीन व्हर्जन येतंय, थोडं थांब. आता घेतलं तर पैसे वाया जातील का? तुम्ही इतिहासवाले, पण सांगा." आणि शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, "डिस्क अधूनमधून टक् टक् करते. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या पण आहेत. आजी मागच्या वर्षी गेली."

सॉफ्टवेअरचा सल्ला मागायला इतिहासवाल्याकडे कोण येतं? पण ती शेवटची दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. आणि खरं सांगू का, हा प्रश्न मराठीत साडेसातशे वर्षांपूर्वी पडून गेलाय. त्याचं उत्तरही दिलं गेलंय.

चला, तेराव्या शतकात. देवगिरीला यादवांचं राज्य आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गावोगाव फिरले, लोकांशी साध्या मराठीत बोलले. स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यावर त्यांचं बोलणं, चालणं, त्यांनी दिलेले दृष्टांत, हे सगळं राहिलं कुठे? माणसांच्या आठवणीत. सगळ्यात जास्त होतं नागदेवाचार्यांकडे, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात. म्हणजे बघा, एकच डिस्क, आणि तीही वय होत चाललेली.

इथे येतात म्हाइंभट. मोठे पंडित. त्यांच्या लक्षात आलं की भटोबास आहेत तोवर ठीक, पण पुढच्यांनी काय करायचं? मग ते कामाला लागले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना जाऊन भेटले, एकेक आठवण म्हणजे 'लीळा' विचारून घेतली आणि भटोबासांकडून तपासून घेतली. १२७८च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला 'लीळाचरित्र' उभं राहिलं. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ म्हणून आज आपण तो शिकतो.

आता समजा, म्हाइंभट म्हणाले असते, "थांबू, पुढे चांगली सोय येईल." सोय आली असती का? आली असती! कागद आला. वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनतो ना, तिथली परंपरा हा धंदा महंमद तुघलकाच्या काळाशी जोडते, म्हणजे चौदावं शतक. त्याच्याहून भारी अपग्रेड म्हणजे छापखाना. विल्यम केरींचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं (बंगालमधलं श्रीरामपूर हां, आपलं नगरचं नव्हे), ते साल १८०५. म्हणजे सव्वापाचशे वर्षं थांबावं लागलं असतं. तोवर विचारायला कोण उरलं असतं?

अपग्रेड येतंच हो. पण ज्याची कॉपी घ्यायची, ते तोवर थांबत नाही.

बरं, गोष्ट इथे संपत नाही. १२९६ला अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली, १३१८पर्यंत यादवांचं राज्य संपलं. महानुभाव परंपरा सांगते की त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. एवढी मेहनत, आणि गेली! कारण पोथी लिहिली हे बरोबर, पण मूळ प्रत जिथे होती तिथेच होती.

मग वाचवलं कोणी? ज्यांना ते पाठ होतं त्यांनी. त्यात एक नाव लक्षात ठेवा: हिराईसा. एक बाई. तिच्या आठवणीवरून तयार झालेल्या पाठाला आजही 'हिराईसा पाठ' म्हणतात. असे आणखीही पाठ तयार झाले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, दोघांच्या आठवणीत फरक पडला, तर पुढच्या लोकांनी एक खोडून दुसरं ठेवलं नाही. दोन्ही नोंदवून ठेवलं, कोणाची आठवण कोणती ते सांगून. जुनं व्हर्जन डिलीट न करण्याची शिस्त, चौदाव्या शतकात!

आता याच पंथाकडून एक उलटा धडा. आपले ग्रंथ भलत्याच्या हाती पडू नयेत, त्यात कोणी फेरफार करू नये, म्हणून त्यांनी सांकेतिक लिप्या तयार केल्या, असं मानलं जातं. त्यातली सगळ्यात गाजलेली 'सकळ लिपी'. म्हणजे पासवर्डच की. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या मराठी वाचकाला शेकडो वर्षं त्यांचा जवळपास पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९१०च्या सुमारास, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि मग हे साहित्य सगळ्यांसमोर यायला लागलं. किल्ली सापडली म्हणून बरं. नाहीतर फाइल आहे पण उघडत नाही, अशीच गत.

याच्या अगदी उलट एक प्रसंग याच पंथात सांगतात. केशिराजबासांना संस्कृतात लिहायचं होतं. भटोबासांनी अडवलं. कारण? संस्कृतात गेलं तर साध्यासुध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार कसं! आजच्या भाषेत, कुणालाही उघडता येईल अशा फॉरमॅटमध्ये ठेवा.

पुसेगावकर म्हणतील, ही सगळी अमरावतीकडची गोष्ट. मग तुमच्या जिल्ह्यातली घ्या. नरसी नामदेव! परंपरेने नामदेव महाराजांचं जन्मगाव तेच मानतात. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. १६०४मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली गेली. ती म्हणजे मराठी अभंगांची नक्कल नव्हे, त्यांची भाषा वेगळी आहे. पण त्यांचा आवाज हजार-दीड हजार किलोमीटर लांब, वेगळ्या लिपीत, वेगळ्या माणसांच्या हाती सुरक्षित राहिला. २०१५चं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच धाग्याने.

आजचे बॅकअपवाले एक नियम सांगतात, तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळे तो लोकप्रिय झाला. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. फोटोग्राफरला सुचलं, यात नवल नाही. लग्न काही परत लावता येत नाही ना!

तर भाऊ, आता तुझं उत्तर. तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, कॉपी कधी घ्यायची. दोन, सॉफ्टवेअर कधी घ्यायचं. दुकानदार दुसऱ्याचं उत्तर देतोय आणि तू त्याच्यासाठी पहिलं थांबवून ठेवलंयस.

कॉपी आज रात्री. त्याला सॉफ्टवेअर लागतच नाही, नवीन डिस्क आणि साधं कॉपी-पेस्ट पुरे. पण डिस्क टक् टक् करतेय, म्हणजे ती बहुतेक शेवटाला आलीय. उगाच चालू ठेवून फाइली चाळत बसू नकोस. सगळ्यात आधी आजीच्या ओव्या, मग ज्यांची डिलिव्हरी बाकी आहे ती लग्नं, मग उरलेलं. ती मधेच दिसेनाशी झाली, तर पुन्हा पुन्हा लावू नकोस, डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे ने. ओव्यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे दे, आणि एक मोबाइलवरून इंटरनेटवर चढव. मग दुसऱ्या कंप्युटरवर लावून ऐकून बघ. वाजली तरच बॅकअप, नाहीतर सकळ लिपी.

सॉफ्टवेअरचं काय? त्यासाठी थांबलास तर हरकत नाही. रोज आपोआप कॉपी व्हावी म्हणून ते हवंच, पण घेण्याआधी दोन गोष्टी विचार. आता घेणाऱ्याला नवीन व्हर्जन फुकट मिळणार का? मिळत असेल तर लगेच घे. आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं, तर माझ्या फाइली त्याच्याशिवाय उघडतील का? नसतील उघडत, तर कितीही नवीन असो, नको. थांबायचंच ठरलं तर तारीख ठरवून थांब, आणि तोवर दर रविवारी हाताने कॉपी.

एक सांगायचं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! आज त्यातल्या कितीतरी 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. गिरणी आली आणि जातं थांबलं. तेव्हाच कोणी विचारायला गेलं नसतं, तर त्यातलं बरंच त्या बायकांबरोबरच गेलं असतं.

तुझ्या आजीचा आवाज सध्या एकाच डिस्कवर आहे. हे ऐकून झालं की फोन खाली ठेव आणि आधी ते काम कर. झालं की मला व्हॉइस नोट पाठव. ओवी पाठवलीस तर अजून बरं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!