दुधाचे पातेले आणि बाळाचे यकृत

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे पूर्वी घरोघरी ठाऊक होते. आंबट पदार्थांना आपण जपत होतो. दुधाबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. याच दुधाशी एका जीवघेण्या बालरोगाचा संबंध कसा लागला, त्याची ही हकिगत.

१८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका विकाराचे वर्णन केले. पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हे नाव मिळाले. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल किरकिरे होई, पोट फुगे. डॉक्टरांनी पोट चाचपले की यकृत वाढलेले, टणक आणि धारदार कडेचे लागे. मग कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव, शेवटी गुंगी. कावीळ आणि पाणी दिसू लागल्यावर मूल बहुधा काही महिन्यांतच दगावे. पुष्कळदा पाठच्या भावंडालाही तोच रोग होई.

एकाच घरात दोन मुले आजारी पडली, तर आपण काय म्हणू? आनुवंशिक रोग! तेव्हाही अनेकांनी तेच म्हटले. पण एका घरातली मुले केवळ रक्ताच्या नात्याने बांधलेली नसतात. त्यांचे दूधही एकाच पातेल्यात तापते.

धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. सुईने काढलेल्या यकृताच्या बारीक तुकड्याला ऑर्सीन नावाचा रंग दिल्यावर पेशींत गडद तपकिरी कण दिसले. १९७८ साली हे प्रसिद्ध झाले. ते तांब्याचे लक्षण होते. पुढच्याच वर्षी यकृतातले तांबे मोजल्याचे निष्कर्ष आले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे सहसा ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांमध्ये ते कित्येक शे मायक्रोग्रॅम भरले.

एवढे तांबे आले कुठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी शोध थेट स्वयंपाकघरापर्यंत नेला. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कोणत्या भांड्यात तापवले, कशात ठेवले? आजारी मुलांच्या आयांची उत्तरे निरोगी मुलांच्या आयांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांतले होते. दूध आंबट नसले तरी त्यातले केसीन हे प्रथिन भांड्यातले तांबे धरून ठेवते, हेही प्रयोगाने दिसले. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही व्यवस्था अजून अपुरी असते. आईच्या दुधात मात्र तांबे अगदी थोडे.

रोग लवकर ओळखून पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध दिले, तेव्हा काही मुले वाचलीही. पण खरा उपाय सोपा होता: बाळाला अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यायचेच तर ते स्टीलच्या भांड्यात तापवा. स्टील घरोघर पोचले आणि १९९० च्या दशकापर्यंत हा रोग दुर्मीळ झाला.

मग आनुवंशिकतेची शंका चुकीचीच होती का? तसेही नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ मुले दगावली. तिथल्या वंशावळी तपासल्यावर आनुवंशिक दोषाच्या खुणा दिसल्या, आणि दूध तांब्या-पितळेच्या भांड्यातले असल्याचेही दिसले. पितळेत तापवलेले दूध पिणारी पुष्कळ भारतीय मुले धडधाकट राहिली, हेही आपण जाणतो. म्हणजे बहुधा दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागत.

वर्गात ‘आनुवंशिकता की परिस्थिती?’ हा प्रश्न निघेल तेव्हा हे उदाहरण जरूर सांगावे. टिरोलमध्ये लोकांची जनुके तीच राहिली. बदलले ते पातेले, आणि रोग गेला.