तीन टोकांचा तारा

ट्रकची प्रतिकृती रंगवणे हा पोरखेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. मला त्यात इतिहास सापडतो. सध्या मी एकास चोवीस या प्रमाणात टाटा-मर्सिडीज-बेंझ घडवतो आहे. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ असे पंधरा वर्षे चालले. ते संपले आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन 'टी' आला. तारा लावला, की ट्रकचा काळ ठरला.

मग वय. आधी गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, वाळल्यावर ओलसर करून वर जाडे मीठ भुरभुरायचे आणि त्यावर अंगरंग फवारायचा. मीठ झाडले की पोपडे उडालेले दिसतात. मात्र एक मिलिमीटरचा टवका खऱ्या ट्रकवर चोवीस मिलिमीटरचा होतो. हात आवरावा लागतो. झीजही जागा पाहून येते: क्लीनरच्या पायाखालची पायरी, पोती घासतात तो फाळका. चाकांना माती खानापूरची तांबडी की अथणीकडची काळी, हेही ठरवावे लागते.

पण बेळगावात १९५५ साली नोंदलेला ट्रक मुंबई राज्यातला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो जागचा न हलता म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. ही खूण कोणत्याच रंगाने दाखवता येत नाही. म्हणून घरच्या जुन्या छायाचित्रांमागे गाव आणि साल आजच लिहून ठेवा.